रविवारची गोळी

सोरायसिस झालाय म्हटलं की सल्ले फुकट मिळतात. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ कर, वांगं सोड, मासे खाऊन वर दूध प्यायली असशील. माझी एक मामी अजून माझ्या टॉवेलला हात लावत नाही. हा रोग लागट नाही, हे तिला सांगणं मी सोडून दिलंय. काळे ब्लाऊजही सोडलेत, कारण काउंटरपलीकडचा माणूस पासबुक पुढे करायच्या आधी माझ्या खांद्यावरचा भुगा बघतो.

निरोगी कातडीचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो. आमच्यात तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून खवले साचतात. ही घाई करायला लावते ती आपलीच प्रतिकारशक्ती. गंमत म्हणजे हे कळलं ते औषधांमुळे. १९५१ साली अमेरिकेत सांधेदुखीच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन देऊन बघत होते, तर ज्यांना सोरायसिस होता त्यांचे चट्टेच निवळले. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच धाकटं भावंड. पुढे १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिननेही असाच धक्का दिला. ते तर टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांना, आवरणारं औषध! मग कुठे डॉक्टरमंडळींची नजर कातडीवरून त्या पेशींकडे वळली. आधी गुण आला, कारण मागाहून सापडलं.

माझ्याही बोटांची पेरं सकाळी आखडायला लागली, अंगठी निघेना, नखांवर टाचणी टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसू लागले. सोरायसिस सांध्यांत उतरला होता. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिली आणि चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदाच' याखाली दोन रेघा मारल्या. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून कालनिर्णयावर रविवारच्या चौकटीत मी 'मे' लिहिते आणि पाकीट सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांपासून लांब, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवते. सोमवारी थोडं मळमळतं. जोडीला फॉलिक ॲसिड, अधूनमधून रक्त आणि लिव्हरची तपासणी. तरी सगळं मिळून खिशाला झेपतं. चिठ्ठी न मागता कडक स्टिरॉइडची मलमं विकणाऱ्या मेडिकलवाल्यांपेक्षा ही म्हातारी गोळी मला शंभरपट प्रामाणिक वाटते.

पण कोपरांवरचे चट्टे तिला दाद देत नाहीत, त्यामुळे आता इंजेक्शनांचा विषय निघालाय. ही बायोलॉजिक औषधं प्रतिकारशक्तीच्या पेशी धाडतात त्यातला नेमका एकेक निरोप अडवतात: आधी टीएनएफ, मग आयएल-१७, आयएल-२३. आपल्याकडेही काम झालंय. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २०१३ मध्ये इटोलिझुमॅब नावाचं असं औषध आणलं आणि २०१४ च्या शेवटी झायडस कंपनीने टीएनएफ अडवणाऱ्या अडालिमुमॅबचा स्वस्त पर्याय. स्वस्त म्हणजे मूळच्या मानाने. माझ्या पगाराच्या मानाने नव्हे.

शिवाय आधी टीबीची तपासणी. टीएनएफ अडवलं की अंगात झोपलेला टीबी उठू शकतो, आणि आपल्या देशात असा झोपलेला टीबी घराघरांत आहे. माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. एक्सरे स्वच्छ, खोकला नाही, तरी आधी टीबी रोखणाऱ्या गोळ्या चालू करायच्या आणि इंजेक्शन त्यानंतर. आयएल-२३ वाल्या औषधांत ही भीती कमी असते म्हणे, ते पुढच्या खेपेला विचारणार आहे. विमा कंपनीला मात्र आत्ताच विचारलंय. 'ॲडमिट होणार का?' एवढाच त्यांचा प्रश्न. होणार नाही. इंजेक्शन पोटावर घरीच टोचायचं असतं.