आमची वाटचाल : ६४ केबीपासून राजीनाम्यापर्यंत

गेमच्या धंद्यातला मोठा माणूस खुर्ची सोडतो तेव्हा काय काय होतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. कंपनीचं पत्र निघतं, त्यात 'कुटुंबाला वेळ' असतो, 'नवं पर्व' असतं, आणि खाली उत्तराधिकाऱ्याचा हसरा फोटो. शुहेई योशिदा १५ जानेवारी २०२५ ला सोनीतून बाहेर पडले, त्याबद्दलचं मात्र मी मिळेल ते वाचून काढलं. पहिलं प्लेस्टेशन बाजारात यायच्याही आधी, १९९३ साली, हा माणूस त्या गटात आला. २००८ ते २०१९ सोनीच्या सगळ्या गेम स्टुडिओंचा प्रमुख होता. मग त्यांना तिथून उठवून छोट्या स्वतंत्र स्टुडिओंचं काम दिलं. तेव्हा जाहीर झालं ते त्यांचं छोट्या गेमवरचं प्रेम. नोकरी सुटल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं की ते काम घ्या नाहीतर कंपनी सोडा, एवढाच पर्याय समोर होता.

यंदा मार्चअखेर मीही पुण्यातल्या आमच्या गेम कंपनीचं संचालकपद सोडलं. आमच्यासाठी कोणी पत्र काढणार नाही, म्हणून ही वाटचाल मीच लिहितोय. गोड बोलून संपवायची असती तर लिहिलीच नसती.

सुरुवात २००४ ची, डेक्कनला एका जुन्या इमारतीत, झेरॉक्सच्या दुकानावर. काम जावा गेमच्या पोर्टिंगचं, म्हणजे एका फोनसाठी बनवलेला गेम दुसऱ्या फोनवर चालता करायचा. नोकियाच्या सिरीज ४० या साध्या फोनवर अख्खा गेम ६४ केबीच्या जारमध्ये, म्हणजे गेमच्या एकाच फाईलमध्ये, बसवायचा. चित्रं, आवाज, मेन्यू, मदतीचं पान, सगळं त्यात. आज एका आयकॉनची फाईल त्याहून मोठी असते. नोकिया ६२३० चा पडदा १२८ बाय १२८ पिक्सेल, ६२३०आय चा २०८ बाय २०८, ६६०० चा १७६ बाय २०८, सोनी एरिक्सन के७५०आय चा १७६ बाय २२०. नावात एक अक्षर वाढलं की मांडणी पहिल्यापासून. पडद्याखालच्या डाव्या बटणाचा, सॉफ्ट कीचा, कोडमधला आकडा नोकियावर उणे सहा, मोटोरोलावर उणे एकवीस. हे आकडे मला अजूनही झोपेत उठवून विचारा.

चित्रं कशी बसवायची, हे आमच्या आर्टिस्टकडून शिकावं. हा गृहस्थ आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. प्रत्येक पीएनजी फाईल स्वतःचं हेडर घेऊन येते, म्हणून तो फलंदाजाच्या सगळ्या पोझ एकाच लांब पट्टीत काढायचा आणि कोडमधून तुकडे कापायचे. रंग चार. चार रंगांत हेल्मेट, पॅड, बॅट आणि चेहरा. आणि बघणाऱ्याला कव्हर ड्राइव्ह की पूल, ते कळायचं. पट्टीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तो एक जांभळा पिक्सेल टाकायचा. पडद्यावर तो कधी दिसायचा नाही, कारण तेवढा भाग आम्ही कापतच नव्हतो. ती त्याची सही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग प्रोगार्ड, कोड आटवणारं सॉफ्टवेअर. कोडमधल्या सगळ्या क्लासची नावं ए, बी, सी करून टाकायची म्हणजे जार बारीक होते. कुठल्या नावाचं काय झालं ते सांगणारी मॅपिंगची फाईल जपून ठेवली नाही तर सहा महिन्यांनी आलेला क्रॅश कुठला, ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. आजच्या मुलांनाही माझं हेच सांगणं आहे : गेमवर कंपनीची डिजिटल सही करायच्या साइनिंगच्या किल्ल्या, मॅपिंग आणि बिल्डची नोंद तीन जागी ठेवा, त्यातली एक जागा ऑफिसबाहेरची हवी. कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

आमची खरी मालमत्ता म्हणजे हँडसेटचं कपाट. पासोड्या विठोबाच्या बोळातून जुने फोन गोळा केलेले, प्रत्येकावर चिकटपट्टीवर मॉडेल आणि फर्मवेअरचा, म्हणजे फोनमधल्या मूळ सॉफ्टवेअरचा, आकडा. फोन संगणकाला जोडायच्या केबल वेगळ्या ड्रॉवरमध्ये : डीकेयू-२, सीए-४२, डीसीयू-६०. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनवर, पळणारा गेम खऱ्या फोनवर पळतोच असं नाही. एम्युलेटर संगणकाचा वेग वापरतो, त्याला मेमरी कमी पडत नाही आणि गेम चालू असताना त्याला फोन येत नाही. आमच्या चाचणीत तिसऱ्या ओव्हरला फोन वाजवायचाच, असा नियम होता. उचलून ठेवल्यावर सामना तिथूनच सुरू झाला पाहिजे. निम्मे बग इथे सापडायचे.

आणि नेमकं हेच न करता मोठी झालेली एक कंपनी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती.

नाव घेत नाही. धंद्यातल्यांना कळेल. त्यांचा दर प्रत्येक हँडसेटमागे आमच्या निम्म्याहून कमी. तो परवडायचा कारण त्यांच्याकडे कपाटच नव्हतं. एम्युलेटरवर एकदा चालवायचं, स्क्रीनशॉट काढायचे आणि 'शंभर टक्के टेस्टेड' लिहून पाठवायचं. ग्राहकाच्या तक्रारी यायच्या तोवर बिल वसूल. आमची दोन चांगली माणसं त्यांनी दिवाळीच्या बोनसनंतरच्या आठवड्यात उचलली. याचंही मी काही म्हणत नाही, पगार वाढवून मिळत असेल तर माणूस जाणारच. पण एक दिवस आमच्या टेस्टरने त्यांच्या नव्या क्रिकेट गेमची जार उघडली. जार म्हणजे शेवटी झिपच. आत फलंदाजाची लांब पट्टी, शर्टाचा रंग बदललेला, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा पिक्सेल.

वकिलाकडे गेलो. त्यांनी करारच पुढे ठेवला : कोड आणि चित्रांचे हक्क आम्ही पैसे मिळताच मधल्या वितरक कंपनीला लिहून दिलेले होते. तेव्हाचे सगळे करार तसेच असायचे, वेगळं मागणाऱ्याला काम मिळत नसे. वितरकाने ती चित्रं कोणाला दिली, हा त्याचा प्रश्न. आर्टिस्ट एवढंच म्हणाला, 'निदान पिक्सेल तरी पुसायचा.'

त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी पायउतार झाले तेव्हा त्यांची पानभर मुलाखत आली. भारतीय मोबाइल गेमिंगचे शिल्पकार म्हणे. क्वालिटीशी कधीच तडजोड केली नाही म्हणे. मी ते पान कापून हँडसेटच्या कपाटाला आतून चिकटवलंय.

तर २०११. ११ फेब्रुवारीला नोकियाने जाहीर केलं की आपले पुढचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर. त्या एका बातमीने ऑर्डरी थांबल्या असं नाही, पण युरोपातले प्रकाशक जावाचं बजेट काढून आयफोन आणि अँड्रॉइडकडे वळवू लागले. आम्ही देशातल्या मोबाइल ऑपरेटरमार्फत विकल्या जाणाऱ्या गेमवर तग धरू असा हिशेब होता. त्या व्यवहाराची साखळी ज्यांना माहीत आहे ते हसतील. ग्राहकाच्या बॅलन्समधून पैसे कापणार ऑपरेटर, मोठा वाटा त्याचा. मग वितरकाचा. उरलेलं आमचं, तेही रिपोर्ट येईल तेव्हा. दरवेळी एकच उत्तर : रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशेबांची जुळवणी, चालू आहे. जुलै २०१३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, गेम-रिंगटोनसारख्या व्हॅल्यू ॲडेड सेवांसाठी दोनदा संमती घेण्याची सक्ती केली. ग्राहक म्हणून मला ते पटलं. न मागता सुरू झालेल्या सेवेचे पैसे माझेही कापले गेले होते. पण नको असलेल्या सेवांबरोबर लोकांनी मागून घेतलेल्या गेमचंही उत्पन्न झपाट्याने उतरलं, आणि वितरकाला आमचे पैसे थकवायला नवं कारण मिळालं.

बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीची उचल, काठोकाठ. कोथरूडचा फ्लॅट आधीच तारण. पगार दोन हप्त्यांत, माझा शून्य. प्रॉव्हिडंट फंड मात्र एकदाही चुकवला नाही, हे मी जाईन तिथे सांगतो. वितरकाने पुढे कंपनीच गुंडाळली आणि त्याच दिवाणखान्यात दुसऱ्या नावाने दुसरी काढली. ते पैसे आजही आमच्या वहीत येणे म्हणून दिसतात. सीए दरवर्षी ते बुडीत खात्यात टाकू म्हणतात आणि मी दरवर्षी नाही म्हणतो.

इथे छोट्या कंपनीवाल्यांना सांगतो : सरकारकडे उद्यम नोंदणी करून ठेवा. एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा, कायदा २००६ चा आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, थांबवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. संबंध बिघडतील म्हणून कोणी दावा लावत नाही. पैसे न देणाऱ्याशी कसले संबंध?

त्या काळात मला सातोरू इवातांची गोष्ट फार आधाराला होती. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचे पुढे अध्यक्ष झालेले इवाता मूळचे प्रोग्रामर, एचएएल नावाच्या छोट्या कंपनीतले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बुडायला आली होती, देणं सुमारे दीडशे कोटी येनचं. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी यामाउची मदतीला तयार झाले, पण इवातांनाच अध्यक्ष करायचं या अटीवर. १९९३ मध्ये इवाता अध्यक्ष झाले आणि काही वर्षांत ते कर्ज फेडलं. माझ्याकडे यामाउची नव्हते. हेलसिंकीच्या बाई होत्या.

या बाई म्हणजे आमच्या एका फिनिश ग्राहक कंपनीतल्या प्रोड्यूसर. मेलमध्ये त्यांना नावानेच हाक मारायची अशी त्यांची ताकीद होती, पण ऑफिसात त्या कायम 'हेलसिंकीच्या बाई'. त्यांचा बग रिपोर्ट चार ओळींचा : मॉडेल, फर्मवेअर, काय केलं, काय झालं. विशेषणं नाहीत, उद्गारचिन्हं नाहीत. बिलाचे पैसे दोन आठवड्यांत, तेही मुदत महिन्याची असताना. एकदा पावसाळ्यात पुण्याला आल्या तेव्हा चहा नको, मीटिंग रूम नको, आधी कपाट दाखवा म्हणाल्या. एकेक फोन काढून बघितला. एका सॅमसंगवरचा फर्मवेअरचा आकडा जुना आहे हे त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, आणि ते बरोबर होतं. मग पोहे मागून घेतले, दोनदा.

२०१२ च्या शेवटी त्यांच्याकडेही कपात चालू होती. तरी त्यांनी आम्हाला अँड्रॉइडचं मोठं पोर्टिंग दिलं आणि मी न मागता निम्मे पैसे आगाऊ पाठवले. मी आभाराचा लांबलचक मेल लिहिला. उत्तर आलं : 'गॅलेक्सी वायवर फ्रेम रेट तपासा.' म्हणजे त्या स्वस्त सॅमसंगवर गेम अडखळत नाही ना, ते बघा. बस्स.

२०१३ चा फटका सोसल्यावर पुढची वर्षं ठीक गेली. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकलो, कन्सोल पोर्टिंगमध्ये शिरलो. आता सोनीची टीआरसी आणि निन्टेन्डोची लॉटचेक, म्हणजे गेम बाजारात येण्याआधीच्या त्यांच्या तपासण्या, आमच्या मुलांना तोंडपाठ आहेत, डेव्हकिट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीची खास यंत्रं, कुलूपबंद खोलीत असतात आणि मलाही आत जायचं तर सही करावी लागते.

राजीनाम्याचं म्हणाल तर कागद सोपा आहे. कंपनी कायद्याच्या कलम १६८ खाली राजीनामा, ३० दिवसांत कंपनीने डीआयआर-१२ नावाचा फॉर्म भरायचा, झालं. अवघड भाग बँकेत आहे. संचालकपद गेलं तरी वैयक्तिक हमी जात नाही. बँक लेखी मोकळं करेपर्यंत कर्ज फिटेना झालं तर माझ्याच दारात येणार. सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे प्रमुख जिम रायन मार्च २०२४ अखेर पद सोडून गेले, त्याच्या महिनाभर आधी त्या विभागातली ९०० माणसं कमी केल्याचं जाहीर झालं होतं. त्यांच्या घरावर मला नाही वाटत बोजा चढवलेला होता. आमच्या पगारपत्रकातून माझ्या जाण्याने एकच नाव कमी झालं, माझं.

माझ्यानंतर मुलगा का नाही, असं नातेवाइकांनी विचारलं. मुलगा कॅनडात विमा कंपनीत आहे आणि त्याला गेम आवडत नाहीत. २००२ मध्ये यामाउचींनी अर्धशतकाहून जास्त चालवलेलं अध्यक्षपद सोडलं तेव्हा घराण्याबाहेरच्या माणसाला, इवातांनाच, बसवलं होतं. मी त्याच वाटेने गेलो. आता संचालक झालेली बाई २००८ मध्ये टेस्टर म्हणून आली होती. जांभळा पिक्सेल शोधणारी हीच. शेअर तिला हप्त्याने विकले आहेत, फुकट दिलेले नाहीत. फुकट मिळालेल्या कंपनीचा मान राहत नाही, हे माझं मत.

हमी बदलायला आम्ही दोघं शाखेत गेलो. साहेबांनी कागद चाळले, ताळेबंद चाळला आणि तिला विचारलं, 'मिस्टरांची हमी मिळेल का?' ती म्हणाली, 'मिस्टर शिक्षक आहेत, त्यांना लॉटचेक येत नाही.' प्रकरण अजून वरच्या कार्यालयात आहे.

गेल्या महिन्यात तिच्याकडे एक चौकशी आली. त्याच शेजारच्या कंपनीकडून. तिथे आता नवे मालक आहेत. त्यांचा एक मोबाइल गेम निन्टेन्डोच्या स्विचवर न्यायचाय, लॉटचेकमधून दोनदा परत आलाय. तिने मला फोन केला, 'सर, काय करू?' मी म्हटलं, अगं, काम घे, पण निम्मे पैसे आगाऊ माग आणि उधारी अजिबात नको.

'मी पूर्ण आगाऊ मागितलेत,' ती म्हणाली. 'आणि चित्रांचे हक्क कोणाकडे आहेत, त्याचा कागदही.'