एक कागद, दोन लुगडी

आषाढी वारीत सासवडला माउलींच्या पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाठीवरची सॅक उपसली आणि सगळं सतरंजीवर मांडलं. जास्तीचे तीन पंजाबी ड्रेस, हवा भरायची उशी, दोन पॉवर बँका, सुकामेव्याचे डबे, वाचायला घेतलेली पुस्तकं, औषधांची भरगच्च पिशवी. वळकटी आणि मोठी बॅग दिंडीच्या ट्रकमध्ये होतीच, तरी रस्त्यात काही लागलं तर म्हणून एवढं पाठीवर घेतलं होतं. आदल्या दिवशी एकादशी, पोटात साबुदाण्याची खिचडी, आणि पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यांत लांबचा टप्पा. दिवे घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो म्हणतात. मी पाहिलाच नाही. सगळं लक्ष खांद्यात रुतणाऱ्या पट्ट्यांकडे होतं.

शेजारी आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या आजी बसल्या होत्या. त्यांची ही एकविसावी वारी. माझा पसारा त्या बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, "माय, ह्यातलं काल काय काय लागलं?"

मी आठवून पाहिलं. पाण्याची बाटली, टॉवेल आणि पायाला लावायचं मलम.

दुपारी भाऊ भेटायला आला, त्याच्याबरोबर बाकी सगळं परत पाठवलं.

आजींचं गाठोडं मी नंतर नीट पाहिलं. दोन लुगडी, एक चादर, ताट-तांब्या, मिश्रीची डबी, हरिपाठाची हाताळून मऊ झालेली पोथी आणि प्लास्टिकचा एक मोठा कागद. त्या कागदाला त्या फार जपत. पाऊस आला की डोक्यावरून घ्यायचा, रात्री राहुटीत ओलीवर अंथरायचा, दुपारच्या विसाव्याला झाडाखाली पसरायचा. उठताना झटकायचा आणि चार घड्या घालून काखेत मारायचा.

ते 2023 साल होतं. पावसाने फार ताण दिला. प्रस्थान 11 जूनला झालं, मृग सुरू होऊन चार दिवस झाले होते, पण आभाळात टिपूस नव्हता. जेजुरी, वाल्हे, सगळे टप्पे उन्हातच झाले. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं, तिथे मीही पाण्यात उतरले, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहणं किती सुखाचं असतं ते पहिल्यांदा कळलं. पुढे लोणंद, मग चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण. घोडा डोळ्यांसमोरून निघून गेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सावलीबद्दल लिहायचंय.

पालखी मार्गाचं रुंदीकरण सुरू होतं. चौपदरी रस्ता होत होता, वाहनांची सोय होणार हे खरं. पण बारा वाजता डांबर तापतं आणि दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर झाड नाही, तेव्हा गेलेल्या झाडाची किंमत पायाला कळते. माणसं एकेका बाभळीखाली दाटीवाटीने बसायची. आजी म्हणायच्या, "बाभळीची नुसती जाळी असती. लिंबाची सावली गार." त्या लांबून झाड ओळखायच्या आणि मला खूण करायच्या. ठाण्यात माझ्या सोसायटीच्या फाटकाशी कसलं झाड आहे हे मला सांगता आलं नसतं. बरडपर्यंत मी लिंब, करंज, चिंच लांबून सांगायला लागले होते. तिथल्या विसाव्याला एका लिंबाखाली पाठ टेकवली. लिंबोळ्या गळत होत्या, पानांतून उन्हाचे तुकडे कागदावर हलत होते. ह्यापेक्षा जास्त काही हवंय का, असं मी स्वतःला विचारलं, आणि खरंच काही सुचलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. बँकेत एकतीस मार्चला टार्गेट पूर्ण झाल्यावरही पुढच्या वर्षाचा आकडा डोक्यात असतो.

पाण्याचंही तसंच. पहाटे तीनला टँकरपाशी रांग लागायची. आजी एका बादलीत अंघोळ आणि धुणं दोन्ही उरकायच्या. मग ओल्या लुगड्याचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. लुगडं मधे ताणलेलं, आम्ही दोघी हरिपाठ म्हणत चालायचो. सुती लुगडं, मोरपंखी, काठाला विरलेलं. दोन-अडीच किलोमीटरमध्ये खडखडीत वाळायचं. एका टोकाला ओढ जास्त बसली की समजायचं, पावलं जुळत नाहीत.

नातेपुतेच्या अलीकडे एका पहाटे आजी चालता चालता थांबल्या. लुगड्याला हिसका बसला म्हणून मीही थांबले. बांधावरच्या झाडातून एक पक्षी ओरडत होता, आवाज चढवत चढवत, पुन्हा पुन्हा.

"पावशा," आजी म्हणाल्या. "पेरते व्हा म्हणतोय."

त्यांचं तीन एकर रान नांगरून तयार होतं. सोयाबीन आणि तूर. बी घरात आणून ठेवलेलं, पाऊस नाही म्हणून पेरणी थांबलेली. इतके दिवस त्यांच्याबरोबर चालून मला याचा पत्ता नव्हता. रोज संध्याकाळी मुक्कामावरची समाजआरती झाली की त्या मुलाला फोन लावायच्या आणि एवढंच विचारायच्या, "हाय का काही आभाळात?" मला वाटायचं, सहज विचारतायत. मी त्यांच्या समाधानाला त्यांच्या कमी सामानाशी जोडून मोकळी झाले होते. घोर त्यांनाही होता. पण तो दिवसातून एकदा, फोनपुरता. बाकी वेळ पुढचं पाऊल, झाड, पाणी, नाम. "माझ्या काळजीनं ढग येतेत का?" म्हणाल्या.

पाऊस आला तो वेळापूरच्या वाटेवर. आधी मावळतीकडून गार वारं, मग मातीचा वास, मग टपोरे थेंब. कोणी आडोसा शोधला नाही. मृदंगावर तेवढी प्लास्टिकची पिशवी चढली. भजन थांबलं नाही.

पंढरपुरात आषाढीला चंद्रभागेत स्नान केलं. दर्शनाची रांग काही किलोमीटर लांब होती. आजींनी वाळवंटातूनच कळसाला हात जोडले. एरवी त्या पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबतात. त्या रात्री मुलाचा फोन आला, रानात पेरणीजोगी ओल झाली होती. द्वादशीला उपास सोडून त्या निघाल्या.

त्यांना पोचवायला स्टँडवर गेले. भुरभुर पाऊस होता. त्यांनी कागद उलगडून दोघींच्या डोक्यावर धरला, एक टोक माझ्याकडे दिलं. तशाच आम्ही तासभर उभ्या होतो. फारसं बोललो नाही. परभणीची गाडी लागली तशी त्यांनी कागद झटकला, चार घड्या घातल्या, काखेत मारला आणि वर चढल्या.