ब्रँच खाली ठेवायला शिकताना

अग्निशामकाचा अधिकारी झाला की पहिली अडचण त्याच्या हातांची होते. वर्षानुवर्षं ब्रँच (होजच्या, म्हणजे पाण्याच्या पाइपच्या, टोकाचा धार मारायचा नळा) धरलेले हात वर्दीवर (आगीची खबर आलेल्या ठिकाणी) पोहोचताच होजकडे धावतात. पण केंद्र अधिकाऱ्यानेच ब्रँच धरली, तर आत किती माणसं आहेत आणि टाकीत किती पाणी उरलंय, याचा हिशोब कुणाकडेच राहत नाही. पंप, हायड्रॉलिक्स, इमारतींची रचना हे सगळं प्रशिक्षणात पक्कं होतं. आगीच्या ठिकाणची कमांड मात्र मी वर्दीवर आणि वर्दीनंतरच्या चर्चेत शिकलो.

सुरुवात पहिल्या संदेशापासून केली. गाडीतून उतरल्यावर मिनिटाच्या आत नियंत्रण कक्षाला सांगायचं: तळमजला अधिक चार मजले, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आग, जिन्यात धूर, दोन माणसं अडकल्याची माहिती, एक लाइन (पाण्याने भरलेला होज) आत जातेय, कमांड माझ्याकडे. बस. सगळी माहिती हाती आल्यावर बोलू म्हणून थांबलात की दहा मिनिटं गेलीच. कुमकही तेव्हाच मागायची. संध्याकाळच्या गर्दीत भायखळ्याहून निघालेली गाडी भुलेश्वरच्या गल्लीच्या तोंडाशी यायला वेळ घेते. आग आटोक्यात आली तर ती वाटेतूनच परत पाठवता येते, पण उशिरा मागवलेल्या गाडीचा गेलेला वेळ भरून निघत नाही. गाडी उभी करतानाही ती इमारतीच्या थोडी पुढे न्यायची. त्यामुळे येताना तीन बाजू नजरेखालून जातात आणि दर्शनी भागासमोरची जागा शिडीच्या गाडीला मोकळी राहते.

पाण्याचं गणित पाठ हवं. १५ मिलिमीटरचं नोझल ७ बार दाबाला मिनिटाला साधारण ४०० लिटर पाणी फेकतं. टाकी ४,५०० लिटरची असेल, तर एका लाइनला अकरा मिनिटं, दोन लाइनना साडेपाच. त्यामुळे पहिला माणूस आत जातानाच दुसरा हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ) किंवा सोसायटीची टाकी शोधायला गेलेला हवा. उंचीचा हिशोब वेगळा: दर १० मीटरला सुमारे १ बार दाब नुसता पाणी वर चढवण्यात जातो. पंपावरच्या यंत्रचालकाला मजला सांगितलाच नाही, तर वर नोझलला धार मिळत नाही आणि आतला माणूस होज पिळलाय का हे बघत बसतो.

बीए सेटवर, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावायच्या हवेच्या सिलिंडरवर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की १,८०० लिटर हवा होते. जिना चढून होज ओढणारा माणूस मिनिटाला ४० लिटर तरी घेतो. दमला, घाबरला की ६० च्या पुढे. हवा संपत आल्याचा इशारा देणारी सेटची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते. म्हणजे शिट्टीपर्यंत ४० च्या हिशोबाने ३६ मिनिटं, ६० च्या हिशोबाने २४. शिट्टीनंतर उरतात ३३० लिटर, म्हणजे दमलेल्या माणसाला साडेपाच मिनिटं. शिट्टी वाजली की परत फिरायचं, ही समजूत इथेच घात करते. मी पाळतो तो नियम असा: आत जाताना जितके बार खर्च झाले तितके परतीला, त्यावर ५५ राखीव. समजा, दारात २८० होते आणि खोलीपर्यंत २०० उरले, तर १३५ ला माघारी. दारावरच्या फळ्यावर नाव, दाब, वेळ आणि कुठे गेले हे लिहिणारा माणूस दुसरं कोणतंही काम करणार नाही. त्याला होज धरायला लावलं की फळा कोराच राहतो. बदलीची जोडी सेट पाठीला लावून आधीच तयार ठेवायची.

जुन्या इमारतीत वजन मोजायचं. मिनिटाला ४०० लिटर पाणी दहा मिनिटं आत गेलं की ४ टन. त्यातलं जे निथळत नाही ते जळालेल्या लाकडी तुळयांवर साचतं. प्लॅस्टर गळणं, भेग रुंदावणं, भिंतीच्या सांध्यातून धूर येणं, कडकड आवाज, यातलं एकही दिसलं की सगळे बाहेर. काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये मे २०१५ मध्ये मुंबई अग्निशमन दलाने चार वरिष्ठ अधिकारी गमावले. त्यांचा अनुभव आपल्या सगळ्यांहून मोठा होता, हे मी प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र होती. दुपारी दोनच्या सुमारास आग कळली, ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं, जहाज सोडण्याचा आदेश आला ३.५० ला. सोळा मिनिटांनी स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. माघारीचा आदेश देणं म्हणजे हरणं, असं मनात असेल तर तो नेहमी उशिराच दिला जातो. आदेशानंतर लगेच फळ्यावरची नावं मोठ्याने पुकारायची आणि प्रत्येकाचा ‘हजर’ कानाने ऐकायचा. ‘सगळे आले वाटतं’ हे उत्तर चालत नाही.

एका अधिकाऱ्याने पाचपेक्षा जास्त जणांकडून थेट निरोप घेऊ नयेत. त्यापुढे मजल्याप्रमाणे वाटणी करायची: आगीचा मजला, वरचे मजले, पाणी. वरिष्ठ आले की कमांड समोरासमोर सोपवायची, फळ्यासकट, आणि तसं नियंत्रण कक्षाला कळवायचं. नाहीतर दोन माणसं दोन आदेश देत राहतात.

केंद्रावर परतलो की त्याच पाळीत चर्चा होते. सगळ्यांत नव्या अग्निशामकाला मी आधी बोलू देतो. वरिष्ठ बोलून गेले की तो त्यांचंच म्हणणं पुन्हा सांगतो, आणि जिन्याच्या कुठल्या वळणावर होज अडकला, रायझरचा (इमारतीतल्या आगीसाठीच्या उभ्या पाइपचा) व्हॉल्व्ह कुणाला फिरवता आला नाही, हे त्यानेच पाहिलेलं असतं.