हिंगाचा प्रश्न

मला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा आजार. गहू, मैदा, रवा कायमचे बंद. पोळी टाळणं सोपं. अडतं ते आमटीतल्या हिंगापाशी, कारण डबीतल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. टीम लंचला दहा जणांसमोर वेटरला हे विचारायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. दोनदा न विचारताच जेवले आणि दोन्ही वेळा पोट धरून बसले.

आता आदल्या दिवशी चारच्या सुमारास, गर्दी नसताना, हॉटेलला फोन करते. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेते. परवा आचाऱ्यानं स्वतः फोन घेतला. "ताई, वेगळ्या पातेल्यात करतो, फोडणीला नुसतं जिरं-लसूण." ताट आलं तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही. वरणावर जिरं तरंगत होतं. पोटभर जेवले.