पिशवीतली मुळी, रानातली मुळी : आमच्या डाळिंब रोपवाटिकेची वाटचाल

२०११ च्या उन्हाळ्यात सोलापूर-मोहोळ रस्त्यालगत वडिलांच्या दहा गुंठ्यांत आम्ही शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, उभं केलं. परवाना काढला, बोअरवर ठिबक जोडलं आणि पावसाची वाट बघत बसलो. भांडवल म्हणावं तर वडिलांची भगवा या डाळिंबाच्या जातीची बाग. चारशे झाडं आणि त्यांचा तीस वर्षांचा हात.

गुटी बांधायला, म्हणजे फांदीला झाडावरच मुळ्या फोडून कलम करायला, मी त्यांच्याकडूनच शिकलो. पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षभराची फांदी निवडायची. इंचभर साल गोल काढायची आणि बोटानं चोळून आतला बुळबुळीत थर पुसून टाकायचा, नाहीतर साल पुन्हा जुळते. वरच्या कापावर मुळ्या फुटायचं संजीवक लावायचं, ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि प्लॅस्टिकनं करकचून बांधायचं. महिनाभरात प्लॅस्टिकच्या आतून मुळ्या दिसायला लागतात. दीड-दोन महिन्यांनी फांदी कापून पिशवीत लावली की कलम तयार. पहिल्या हंगामात अशी तीन हजार रोपं गेली आणि आम्हाला वाटलं, धंदा बसला.

२०१३ च्या पावसाळ्यात सांगोल्याकडच्या एका अण्णांनी दोन एकरांसाठी १५ बाय १० फुटांच्या हिशोबानं ६०० रोपं नेली. विसाव्या दिवशी फोन आला, "मालक, निम्मी गेली. येऊन बघा." गाडीवर बसताना माझ्या मनात एकच, यांनी पाणी दिलं नसणार.

अण्णांचं रान वरच्या अंगाला मुरमाड आणि ओढ्याकडं काळं. काळ्या अंगाची रोपं पिवळी पडून माना टाकून उभी होती. एक हातात धरलं तर ओढायच्या आधीच वर आलं. मुळ्या तपकिरी झालेल्या. दोन बोटांत धरून ओढल्यावर वरची साल सटकन निघाली आणि हातात नुसता दोरा राहिला. मातीला आंबूस वास येत होता. अण्णा रोज दोन तास ठिबक सोडत होते. त्या मातीला वाफसा, म्हणजे जादा पाणी निघून हवा खेळेल एवढीच ओल, असा एकदाही आला नव्हता.

मुरमाड अंगाला उलटंच. पानं कुरकुरीत वाळलेली, पण जमीन ओली. खुरप्यानं उकरलं तर पिशवीतून निघालेला गोळा जसाच्या तसा होता, आणि आतून कोरडा ठणठणीत. ड्रीपर, म्हणजे ठिबकची थेंब सोडणारी तोटी, बुंध्यापासून फूटभर लांब होता. वाहतुकीला हलकं पडावं म्हणून तेव्हा आम्ही पिशव्या जवळजवळ सगळ्या कोकोपीटनं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशानं, भरत होतो. कोकोपीट एकदा पुरतं वाळलं की पाणी सहज धरत नाही, ते कडेनं निघून जातं. मुळ्या गोळ्याच्या तळाशी गोल गोल फिरलेल्या होत्या. एकही मुळी बाहेरच्या मुरमात गेलेली नव्हती.

अण्णा एवढंच म्हणाले, "रोपं तुमची, रान माझं. आता कुणाचं चुकलं ते तुम्हीच सांगा." मी बांधावर बसून राहिलो. एका अंगाला रोप पाण्यानं मेलं होतं, दुसऱ्या अंगाला तहानेनं. दोन्हीकडं आमच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती : लावल्यानंतर पंधरा-वीस दिवस रोप रानात नसतंच. ते अजून आपल्या पिशवीतल्या मातीतच जगत असतं. बाहेरचं रान कितीही ओलं करा, त्याचं तोंड तिथवर पोचलेलं नसतं.

पुढच्या हंगामात अण्णांना ३०० रोपं बिनमोल दिली. त्या वर्षी आम्हाला ते जड गेलं. पण त्या दिवसापासून कामाची रीतच बदलली.

आधी पिशवीतली माती बदलली. आता पोयटा म्हणजे गाळाची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडंसंच कोकोपीट. रोप जड होतं, टेम्पोचं भाडं वाढतं, तरी गोळा लवकर कोरडा पडत नाही आणि रानातल्या मातीशी जमवून घेतो. गुटी पिशवीत लावली की तिचं पान आणि तिची मुळी यांचा मेळ बसलेला नसतो. वर पानं पाणी उडवत असतात, खाली ओढणारी मुळी चार बोटं. म्हणून पहिले दिवस दाट सावली आणि हवेत ओल, मग हळूहळू ऊन. विक्रीआधी पंधरा दिवस रोपं नेटबाहेर काढून ठेवतो. त्यात थोडी जातात. ती आमच्याकडंच गेलेली बरी.

पाणी कधी द्यायचं हे ठरवण्यासाठी आम्ही खूप प्रयोग केले, शेवटी आमच्याकडच्या थोरल्या मावशींची पद्धत कायम केली. त्या सकाळी रांगेतून चालताना दर दहावी पिशवी एका हातानं उचलतात. हलकी लागली तरच त्या रांगेची कॉक सोडायची. नवीन मुलींनाही त्या आधी पिशवी उचलायलाच शिकवतात. आठवडाभरात हाताला वजन कळतं. बोअरचं पाणी मात्र मीटर लावूनच तपासतो. आमच्या भागात उन्हाळ्यात क्षार वाढतात आणि कोवळी पांढरी मुळी सगळ्यात आधी क्षारानं जळते.

रोपांच्या गाडीबरोबर आता आमचा माणूस जातो आणि पहिली वीस रोपं शेतकऱ्यासमोर लावून दाखवतो. आदल्या संध्याकाळी पिशव्या पुरत्या भिजवून घ्यायच्या. पिशवी ब्लेडनं उभी चिरायची, ओढून काढायची नाही. तळाला मुळ्या फिरलेल्या दिसल्या तर तेवढ्या अर्धा इंच छाटायच्या. कापाजवळून नवी मुळी फुटते आणि ती बाहेरच्या बाजूला धावते. गोळ्याचा वरचा काठ जमिनीबरोबर ठेवायचा, खोल गाडायचं नाही, कडेची माती हातानं दाबून मधली पोकळी घालवायची. लागवड ऊन उतरल्यावर. नैऋत्येला तुराट्या नाहीतर कडुनिंबाचा डहाळा रोवायचा, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हापासून आडोसा होतो. आणि ड्रीपर पहिले तीन आठवडे अगदी गोळ्यावर.

तीन आठवडे युरिया नको, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. नवीन रोप पिवळट दिसलं की शेतकऱ्याचा हात खताकडं जातो. पण मुळी नसलेल्या रोपाला खत देणं म्हणजे आजाऱ्याला पंगतीत बसवणं. कच्चं शेणखतही तसंच, ते खड्ड्यात तापतं. ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळी कुजवणाऱ्या रोगांना रोखणारी उपयोगी बुरशी, द्यायचं तर कुजलेल्या खतात मुरवून, लागवडीच्या आधी.

एप्रिल-मे मध्ये आम्ही रोप देत नाही. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना कोवळी मुळी रानात घालणं मला पटत नाही. या नियमापायी मोठ्या ऑर्डरी हातच्या गेल्या, काही जुनी गिऱ्हाइकंही नाराज झाली. मी तो मोडलेला नाही.

मधल्या काळात वडिलांच्या बागेत तेल्या, हा डाळिंबाचा जिवाणूंमुळं होणारा रोग, शिरला. गुटी मातृवृक्षाचा रोगही बरोबर नेते, म्हणून त्या बागेतून कलमं बांधणं त्याच वर्षी बंद केलं. वडील दोन दिवस जेवले नाहीत. सोलापूरला लागून केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथं जाऊन निरोगी मातृबाग, म्हणजे कलमं घ्यायची बाग, कशी राखायची ते शिकलो, आणि वेगळ्या रानात नवी लावली. आज कलमं त्या बागेतलीच असतात, कात्री प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकात बुडते.

आता वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास रोपं जातात. त्याहून वाढवायची इच्छा नाही, कारण प्रत्येक लागवडीवर एकविसाव्या दिवशी जायचं असतं.

गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या पुतण्याच्या रानात गेलो होतो. तोच मुरमाड अंग. अण्णाही काठी टेकत आले. एका रोपाशेजारी बसून मी नखानं माती बाजूला करत गेलो. गोळ्याची काळी कड संपली आणि पुढं तांबूस मुरमात दीड इंच लांब, दुधासारखी पांढरी मुळी निघाली, टोकाला बारीक केस. अण्णांनी वाकून बराच वेळ पाहिलं. मी माती परत सारली आणि पुतण्याला ड्रीपर वीतभर बाहेर सरकवायला सांगितलं.