दार आर्म करायला शिकताना

केबिन क्रूच्या प्रशिक्षणात सगळ्यात कठीण काय गेलं, असं नव्या मुली मला विचारतात. त्यांना वाटतं मी धुराने भरलेल्या खोलीतला सराव सांगेन, नाहीतर पाण्यातला. मी विमानाचं दार आर्म करणं सांगते. काम काही सेकंदांचं असतं, पण ते प्रत्येक उड्डाणाला दोनदा येतं आणि दोन्ही वेळा मन पूर्ण तिथेच ठेवावं लागतं.

प्रवासी म्हणून ‘केबिन क्रू, आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक’ ही घोषणा मी कितीदा ऐकली होती. दारं नीट लागलीत का ते बघत असतील, एवढंच वाटायचं. खरं तर तोपर्यंत दारं लागलेलीच असतात. दाराच्या आतल्या बाजूला खाली जी फुगीर पेटी दिसते, तिच्यात घडी घातलेली स्लाइड असते, म्हणजे संकटात बाहेर पडायची घसरगुंडी. तिच्या कापडी पट्ट्याला धातूची एक दांडी असते, तिला गर्ट बार म्हणतात. दांडी दारालाच अडकवलेली असेल, तर दार उघडल्यावर स्लाइड दाराबरोबर निमूट बाजूला जाते. तीच दांडी फ्लोअरवरच्या खाचांत अडकवली, की दार आर्म झालं. आता ते उघडलं तर स्लाइड पेटीतून ओढली जाते, खाली पडते आणि दाबाखालच्या वायूने काही सेकंदांत फुगते. नाही फुगली, तर ओढायला लाल हँडल असतं.

मी आधी बोइंग ७३७ वर शिकले. तिथे सगळं हाताने. दाराच्या खिडकीवरून लाल पट्टा तिरका लावायचा, मग खाली वाकून गर्ट बार पेटीवरच्या हुकांतून काढायचा आणि फ्लोअरच्या खाचांत बसवायचा. बसला की नाही ते हाताने ओढून बघायचं. नंतर एअरबस ए३२० आलं. तिथे वाकणं नाही, लिव्हर आहे. आधी लाल फीत लटकणारी सेफ्टी पिन काढायची, जागेवर ठेवायची, मग लिव्हर आर्म्डवर न्यायचा. कॉकपिटमधल्या स्क्रीनवरही त्या दारापाशी ‘स्लाइड’ असं उमटतं. सोपं वाटतं, आणि मला तिथेच धोका दिसतो. ७३७ वर शरीर वाकलेलं असतं, म्हणून मनही तिथे असतं. लिव्हर मात्र दुसऱ्याच विचारात असतानाही फिरवता येतो.

क्रॉसचेकवर आमच्या प्रशिक्षक मॅमनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. स्वतःचं दार झालं की समोरच्या दाराची तपासणी करायची, आणि ती जोडीदारीण माझ्या दाराची करणार. सगळ्याजणी सुरुवातीला एकमेकींकडे बघून अंगठा वर करायच्या. मॅम लगेच थांबवायच्या. “अंगठा नको गं मला. तू काय पाहिलंस ते सांग.” मग सांगावं लागायचं: पट्टा तिरका, दांडी दोन्ही खाचांत, दाराच्या कडेत काही अडकलेलं नाही. कधीकधी त्या एकीला मुद्दाम सांगायच्या, पट्टा लाव पण दांडी तशीच ठेव. लांबून पट्टा दिसतो, दांडी दिसत नाही. पलीकडे चालत जाऊन वाकलं तरच कळतं. हा सराव मला फार मोलाचा वाटतो. ज्या मैत्रिणीवर पूर्ण विश्वास आहे, तिच्याही दारापाशी मी वाकते, आणि ती माझ्या दारापाशी वाकली तर मला बरं वाटतं.

दार हातात असताना बोलायचं नाही, हा नियम मी अजून पाळते. कोणी पाणी मागितलं तर “एक मिनिट” एवढंच, नजर दारावर. दोन्ही दारं झाली की इंटरफोनवर सिनियरला कळवायचं. नंतर जम्प सीटवर, म्हणजे दाराजवळच्या क्रूच्या घडीच्या सीटवर, बसून टेकऑफआधी मनातल्या मनात उजळणी: माझं दार आर्म आहे, हँडल कुठे फिरतं, बाहेर आग दिसली तर लोकांना कुठे वळवायचं.

चव्वेचाळीसपेक्षा जास्त आसनांच्या विमानाला मान्यता मिळवताना दाखवावं लागतं, की निम्मीच दारं वापरून सगळे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. वर्गात हा आकडा नुसता आकडा होता. मग २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर धावपट्टीवरच्या टकरीनंतर एअरबस ए३५० विमान पेटलं. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती, तरी आतले ३७९ जण वाचले. त्या तीन दारांच्या स्लाइड तयार होत्या, कारण टेकऑफआधी कोणीतरी त्या नीट आर्म केल्या होत्या.

डिसआर्म करणं, म्हणजे उतरल्यावर दांडी खाचांतून सोडवणं, मला आर्म करण्यापेक्षा जास्त जड जातं. विमान जागेवर थांबलेलं, लोक उठून उभे, फोन वाजतायत, आपण थकलेलो. घोषणा होते, लिव्हर वर, पिन आत, फीत नीट दिसेल अशी, मग समोरचं दार. हे राहून गेलं आणि दार उघडलं, तर एवढी जड स्लाइड जोरात फुगत बाहेर झेपावते. बाहेर शिडीवर माणूस उभा असू शकतो.

उघडण्याआधीही घाई नाही. ए३२० वर हँडल किंचित उचलून बघायचं. पांढरा दिवा लागला तर स्लाइड अजून आर्म आहे, हात तिथेच थांबवायचा. खिडकीजवळचा लाल दिवा लुकलुकत असेल तर केबिनमधल्या हवेचा दाब अजून बाहेरपेक्षा जास्त आहे. २००० साली मायामीत एका एअरबस ए३०० विमानाचं दार दाब उरलेला असताना उघडलं गेलं आणि ते उघडणारा क्रूमधला सहकारी बाहेर फेकला जाऊन मृत्युमुखी पडला. तेव्हापासून असेल, पण लाल दिव्याकडे बघितल्याशिवाय माझा हात हँडलला लागतच नाही.

ग्राउंड स्टाफ बाहेरून उघडणार असेल तर आणखी एक फरक लक्षात ठेवावा लागतो. ए३२० चं दार बाहेरून उघडलं तर ते आपोआप डिसआर्म होतं. ७३७ वर खाचांत अडकवलेली दांडी बाहेरचं हँडल फिरवून सुटत नाही. खिडकीवरचा तो लाल पट्टा आमच्याइतकाच बाहेरच्या माणसासाठी आहे. तो दिसला की त्याने हँडलला हात लावायचा नाही, आणि तो खिडकीवरून काढल्याशिवाय आम्ही त्याला अंगठा वर करून खूण करायची नाही.