तेल सांभाळण्याचा धंदा : आमची वाटचाल

सुकामेव्याच्या धंद्यात आम्ही काजूपासून सुरुवात केली, तीही धंद्याच्या सोप्या टोकाकडून. बी वाफवणं, फोडणं, टरफलातल्या तेलापासून हात वाचवत गर काढणं ही कष्टाची कामं कारखान्यात होऊन आलेली असायची. त्या टरफलातलं अनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल कातडी भाजून काढतात, म्हणून टरफलासकट काजू खाण्यासाठी कधी विकला जात नाही. आमच्याकडे यायचा तो सोललेला गर. तो चाळायचा, अख्खा, पाकळी आणि तुकडा वेगळा करायचा, पिशव्या भरायच्या. डब्ल्यू १८०, २४०, ३२० हे प्रतवारीचे आकडे तेव्हाच तोंडपाठ झाले. एका पौंडात साधारण किती दाणे बसतात, तो हा आकडा; आकडा चढला की दाणा लहान. पोषणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. वाटूनच वापरायचा असेल तर तुकडा घ्या, असं आम्ही आजही सांगतो, जरी त्यात आमचा फायदा कमी असला तरी.

मग बदाम, पिस्ता आणि अक्रोड आले. धंदा खऱ्या अर्थाने शिकवला तो अक्रोडाने.

१०० ग्रॅम अक्रोडात साधारण ६५ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला बहुतेक बहुअसंतृप्त. ओमेगा-३ कुळातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल एकट्याचंच ९ ग्रॅमच्या आसपास. ज्या गुणासाठी लोक अक्रोड घेतात, तोच गुण त्याला टिकू देत नाही, कारण असल्या तेलाला हवेतला ऑक्सिजन पटकन पकडतो आणि गर खवट होतो. मॅकाडामियात स्निग्धांश याहून जास्त, ७५ ग्रॅमच्या घरात, पण तो मुख्यतः एकअसंतृप्त, त्यामुळे तो बराच दमाने घेतो. बदामात स्निग्धांश ५० ग्रॅम आणि सोबत २५ मिलिग्रॅमच्या आसपास ई जीवनसत्त्व, जे त्या तेलाची राखण करतं. हे नीट उमगल्यावर आमच्या गोदामाची मांडणी बदलली. अक्रोड थंड खोलीत गेला. पाकळ्या कमीत कमी फुटाव्यात म्हणून गोण्यांऐवजी खोकी आली, कारण जितके तुकडे जास्त तितकी हवा लागायला जागा जास्त. भाजणी छोट्या घाण्यांत होऊ लागली आणि पिशवीत हवेऐवजी नायट्रोजन भरला जाऊ लागला.

प्रयोगशाळेत खवटपणा मोजायला पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेलाला ऑक्सिजन किती लागला याचा आकडा, काढतात. हा आकडा आधी चढतो आणि माल फारच जुना झाला की पुन्हा उतरतो. म्हणजे नुसता कागद बघून जुना माल चांगला वाटू शकतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक लॉट दोघंजण चाखतात, आणि एकाने जरी नाक मुरडलं तरी लॉट बाजूला निघतो.

तेलाची काळजी आमच्या दारात सुरू होते, ओलाव्याची मात्र झाडाखालीच. वाळवणं लांबलं की अ‍ॅस्परजिलस फ्लेवस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. भाजून ते पूर्ण जात नाही, धुऊनही नाही. पिस्त्यात धोका जास्त, कारण काही फळांची वरची हिरवी साल झाडावरच तडकते आणि किडीला, बुरशीला आत वाट मिळते. थेट खाण्याच्या बदाम-पिस्त्यासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. आम्ही भाव विचारण्याआधी चाचणीचा अहवाल मागतो. काही पुरवठादारांना हे आवडलं नाही. त्यांच्याशी व्यवहार थांबला, एवढंच.

पिस्त्याचं आणखी एक: हे झाड एक वर्ष भरभरून देतं आणि पुढच्या वर्षी हात आखडतं. बदामाचं बहुतांश जागतिक पीक, सुमारे ८० टक्के, एकट्या कॅलिफोर्नियात येतं आणि ते फेब्रुवारीतल्या मधमाश्यांवर अवलंबून असतं. वर्षभराचा साठा ठरवताना आम्ही या दोन गोष्टी आधी पाहतो.

ब्राझील नट तर बागेत फारसा पिकतच नाही, ॲमेझॉनच्या जंगलात वेचला जातो. तो आम्ही मुद्दाम छोट्या पाकिटात विकतो. एका दाण्यातच प्रौढ माणसाची दिवसाची सेलेनियमची गरज भागू शकते, आणि मूठ मूठ खात राहिलं तर ते अंगावर येतं. पाकिटावर हे ठळक छापलं आहे. खप थोडा घटला असेल, पण ती ओळ काढणार नाही.

लेबलावरच्या कॅलरींवरून आम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. हा आकडा सूत्रावरून येतो: प्रथिनं आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ४, स्निग्धांशाला ९. पण अख्खा बदाम चावला तरी बऱ्याच पेशी फुटत नाहीत आणि त्यांतलं तेल न पचता शरीराबाहेर पडतं. २०१२ साली अमेरिकी कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी हे माणसांवर मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून १७० ऐवजी सुमारे १२९ कॅलरीच मिळाल्या. आम्ही छापतो तो सूत्राचाच आकडा, विचारणाऱ्याला बाकीचं सांगतो. बदाम दळून त्याचं बटर केलं की ही सूट संपते, हेही सांगतो.

कारण आता आम्ही बटरही करतो, बदामाचं आणि हेझलनटचं. तेल वर येऊ नये म्हणून घालतात तसलं काही घालत नाही, त्यामुळे बरणी उघडल्यावर ढवळून घ्यावं लागतं. शेंगदाणा ही शेंगवर्गीय वनस्पती, ॲलर्जीही वेगळी, म्हणून तो या यंत्रांच्या जवळपासही येत नाही. अक्रोडाचं बटर अजून विक्रीला काढलेलं नाही. दळलं की टिकतच नाही. सध्या गार जात्यावर छोटे घाणे काढून, लहान बरण्या थंडीत ठेवून बघतोय.